दंडावरचा नाडी-पट्टा: शंभर एमएएचच्या बॅटरीवर महिनाभर कसा चालवायचा

बरीच स्मार्ट घड्याळं दर दोन-तीन दिवसांनी चार्जिंगला लावावी लागतात. लोक ती रात्री लावतात, आणि आरोग्याच्या दृष्टीने सगळ्यांत कामाची नोंद नेमकी रात्रीचीच असते. विश्रांतीतली नाडी, झोपेतली हालचाल आणि त्वचेचं तापमान या तिन्ही गोष्टींचा कल आठवड्या-महिन्यांत दिसतो. मधे खाडे पडले की तो हाती लागत नाही. म्हणून इथे दिलेला पट्टा एका गोष्टीसाठी बांधायचा आहे: महिनाभर चार्जिंगसाठी न काढता चालणं. पडदा नाही, कंपनं नाहीत, सूचना नाहीत. सोल्डरिंग येत असेल आणि आर्डुइनोवर एखादा सेन्सर चालवून पाहिला असेल तर दोन सुट्ट्यांत काम होतं.

आधी हिशेब, मग खरेदी

१०० एमएएचच्या लिपो (लिथियम-पॉलिमर) सेलमधले ८० धरून चालावं, कारण ३.४ व्होल्टला पट्टा बंद करायचा आहे आणि वर्षभरात सेलची ताकद थोडी उतरतेच. तीस दिवस म्हणजे ७२० तास. ८० भागिले ७२० म्हणजे ०.१११ मिलीअँपिअर. सगळं मिळून सरासरी १११ मायक्रोअँपिअरमध्ये बसवायचं आहे.

आता खर्चाकडे बघू. नाडीसाठी मॅक्स३०१०२ हा सेन्सर (त्वचेवर प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशातून नाडी ओळखणारा) घेतला आणि नेटवरचं तयार उदाहरण जसंच्या तसं चालवलं, तर सहसा सेकंदाला ४०० नमुने, प्रत्येक नमुन्याला ४११ मायक्रोसेकंदांचा प्रकाश, आणि लाल व इन्फ्रारेड असे दोन एलईडी प्रत्येकी ६.२ मिलीअँपिअरवर, अशी मांडणी असते. ४०० गुणिले ४११ मायक्रोसेकंद म्हणजे प्रत्येक एलईडी १६.४ टक्के वेळ पेटलेला. दोन्ही मिळून सरासरी २ मिलीअँपिअर झाले. सेन्सरच्या आतल्या सर्किटचे साधारण ०.६ मिलीअँपिअर वेगळे. एकूण २.६ च्या वर, म्हणजे तीस तासांत बॅटरी संपली.

फक्त नाडी हवी असेल तर सेकंदाला ५० नमुने, ११८ मायक्रोसेकंद आणि एकटा इन्फ्रारेड एलईडी १० मिलीअँपिअरवर पुरतो. तो ०.५९ टक्केच वेळ पेटतो, सरासरी ५९ मायक्रोअँपिअर. पण आतल्या सर्किटचे ६०० मायक्रोअँपिअर जसेच्या तसे राहतात! बरेच जण इथून पुढेही एलईडी मंद करत बसतात. त्याने वाचत काहीच नाही, सिग्नल मात्र खराब होतो. इथून पुढची बचत एकाच रस्त्याने होते, सेन्सर बंद ठेवून. दर पाच मिनिटांत वीस सेकंद चालवला तर ६६० चे ४४ होतात.

पाच मिनिटांच्या अंतराने विश्रांतीच्या नाडीत काही निसटत नाही. हृदयाची लय क्षणोक्षणी पाहायची असेल तर हा पट्टा त्यासाठी नाही, आणि त्या कामाला कुठलाही घरगुती पट्टा वापरू नये.

पूर्ण अंदाजपत्रक मायक्रोअँपिअरमध्ये असं: झोपलेला बोर्ड ५, हालचाल-सेन्सर ६, त्याची नोंद वाचणं आणि त्यावरचं गणित १०, नाडी ४४, तापमान १ हून कमी, ब्लूटूथची हाक (फोनला पट्टा सापडावा म्हणून ठरावीक वेळाने पाठवलेला छोटा संदेश) १२ च्या आसपास, सेलचं संरक्षक सर्किट आणि स्वतःची गळती ५. बेरीज ८३. कागदावर चाळीस दिवस होतात. महिना धरून चालावं.

साहित्य

• सीड कंपनीचा शाओ एनआरएफ५२८४० बोर्ड, साधा. त्याची ‘सेन्स’ आवृत्ती नको, त्यातला माइक आणि जायरो इथे कामाचे नाहीत. माप २१ × १७.५ मिमी, चार्जिंगचं सर्किट बोर्डवरच आहे.
• मॅक्स३०१०२ नाडी मॉड्यूल.
• एलआयएस३डीएच हालचाल मॉड्यूल.
• टीएमपी११७ तापमान मॉड्यूल. −२० ते ५० अंशांत याची चूक ०.१ अंशाच्या आत राहते.
• ४०१२३० मापाचा लिपो सेल, संरक्षक सर्किटसह. हा आकडा म्हणजे जाडी ४.० मिमी, रुंदी १२, लांबी ३०.
• ४.७ किलोओहमचे दोन रेझिस्टर, बारीक सिलिकॉन वायर, ३ मिमी जाडीचा काळा फोम, २५ मिमी रुंदीचं इलॅस्टिक आणि वेल्क्रो.

मोजण्यासाठी नॉर्डिकचा पॉवर प्रोफायलर किट २ कुणाकडून मिळवता आला तर मिळवाच. इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो. तो २०० नॅनोअँपिअरपासून १ अँपिअरपर्यंत मोजतो आणि करंट कधी वाढला हे आलेखावर दाखवतो. साधा मल्टिमीटर इथे फसवतो. मायक्रोअँपिअरच्या रेंजमध्ये त्याच्या आत बऱ्याचदा १०० ओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो. ब्लूटूथने ५ मिलीअँपिअर मागितले की त्यावर अर्धा व्होल्ट पडतो, बोर्ड रीसेट होतो, आणि आपण प्रोग्रॅममधली चूक शोधत बसतो. मल्टिमीटरच असेल तर सेलच्या वाटेत १० ओहमचा रेझिस्टर घालावा आणि त्यावरचे मिलीव्होल्ट मोजावेत. त्यावर ५ मिलीअँपिअरला ५० मिलीव्होल्टच पडतात. झोपेतला करंट मात्र यातून नीट कळत नाही.

जोडणीआधी मॉड्यूल साफ करा

ही पायरी टाळली की पुढचं सगळं वाया जातं.

पहिली गोष्ट, पॉवर दाखवणारे एलईडी. एलआयएस३डीएच आणि टीएमपी११७च्या काही मॉड्यूलांवर छोटा लाल किंवा हिरवा दिवा कायम पेटलेला असतो. तो एकटा मिलीअँपिअरच्या घरात खातो, म्हणजे आपल्या अख्ख्या बजेटच्या कितीतरी पट. दिवा किंवा त्याचा रेझिस्टर सोल्डरिंग आयर्नने उचलून टाका.

दुसरी, मॅक्स३०१०२च्या स्वस्त मॉड्यूलांवरचे पुल-अप रेझिस्टर (सिग्नलची ओळ एरवी वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे). या सेन्सरचं आतलं लॉजिक १.८ व्होल्टवर चालतं, आणि बऱ्याच बोर्डांवर डेटा, क्लॉक व इंटरप्ट (सेन्सरने प्रोसेसरला जागं करायची ओळ) या तिन्ही ओळी ४.७ किलोओहमने १.८ व्होल्टलाच बांधलेल्या असतात. ३.३ व्होल्टवर चालणाऱ्या एनआरएफला (शाओवरच्या मुख्य चिपला) ‘एक’ ओळखायला किमान २.३ व्होल्ट लागतात. त्यामुळे सेन्सर कधी सापडतो, कधी नाही. मॉड्यूलच्या मागे १.८ / ३.३ निवडायचे पॅड असतील तर ३.३ कडचे जोडा. नसतील तर ते तीन रेझिस्टर काढा आणि डेटा व क्लॉकला बाहेरून ४.७ किलोओहमने ३.३ व्होल्टला बांधा. इंटरप्टसाठी एनआरएफचा आतला पुल-अप पुरतो. सेन्सरच्या या पिना ३.३ व्होल्ट आरामात सोसतात.

जोडणी सोपी आहे. तिन्ही सेन्सरची डेटा ओळ शाओच्या डी४ ला, क्लॉक डी५ ला. नाडी-सेन्सरचा इंटरप्ट डी१, हालचालीचा डी२. हालचाल आणि तापमान यांना ३.३ व्होल्टच्या पिनेवरून पुरवठा. नाडी मॉड्यूलची पुरवठा पिन मात्र थेट सेलच्या धन टोकाला जोडा. त्याच्या एलईडीला किमान ३.१ व्होल्ट लागतात, आणि मॉड्यूलवरचा रेग्युलेटर ३.३ मधून आणखी थोडं खाऊन टाकतो. पत्ते (प्रत्येक सेन्सरचा ओळख-क्रमांक) हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत: नाडी ५७, तापमान ४८, हालचाल १८ किंवा १९. टक्कर होत नाही.

सेलच्या दोन्ही वायर एकदम कापू नका. कात्रीच्या पात्याने दोन्ही टोकं जोडली जाऊन शॉर्ट होतो. एक कापा, टेप लावा, बोर्डाच्या मागच्या पॅडला सोल्डर करा, मग दुसरी.

सेन्सरची मांडणी

खालचे सगळे आकडे हेक्समध्ये आहेत, डावीकडे रजिस्टर (सेन्सरच्या आतला मांडणीचा खाना), उजवीकडे त्यात लिहायची किंमत.

नाडी: ०८ ला १२, ०ए ला २१, ०सी ला ००, ०डी ला ३२, ११ ला ०२, ०२ ला ८०, आणि सगळ्यांत शेवटी ०९ ला ०७. यातली मेख शेवटच्या आकड्यात आहे. या सेन्सरचा ‘हार्ट रेट’ नावाचा मोड फक्त लाल एलईडी पेटवतो. दंडाच्या त्वचेत खोलवर जायला इन्फ्रारेड बरा, म्हणून बहु-एलईडी मोड घेऊन पहिल्या जागेवर एकटा इन्फ्रारेड ठेवला आहे. ०८ मधल्या १२ मुळे ३० नमुने साठले की इंटरप्ट येतो, म्हणजे ०.६ सेकंदांनी एकदा. तोवर प्रोसेसर झोपलेला. इंटरप्ट आल्यावर ०० हे रजिस्टर वाचलंच पाहिजे, नाहीतर ओळ खालीच राहते आणि पुढचा इंटरप्ट येत नाही. मोजणी संपली की ०९ ला ८७. मग सेन्सर एक मायक्रोअँपिअरच्या आत जातो आणि मांडणी विसरत नाही.

सेन्सरमधल्या सरासरीच्या सोयीवर विसंबू नका. चार नमुन्यांची सरासरी मागितली तर डेटा चौपट कमी येतो, पण एलईडी तितक्याच वेळा पेटतो.

हालचाल: २० ला ३७, २२ ला ०४, २३ ला ८०, २४ ला ४०, २ई ला ९९. सेकंदाला २५ नमुने, १० बिट, दर सेकंदाला एकदा जाग. याचा ८ बिटांचा मोड ४ मायक्रोअँपिअरवर चालतो आणि हा ६ वर, पण ८ बिटांत एक पायरी १६ मिली-जी (मिली-जी म्हणजे गुरुत्व-प्रवेगाचा हजारावा भाग) असते. झोपेतली बारीक हालचाल त्यात हरवते. दोन मायक्रोअँपिअरसाठी हा सौदा करू नये.

या सेन्सरची एक लपलेली गळती आहे. पत्ता १८ करण्यासाठी एसए० पिन थेट ग्राउंडला जोडली तर आतल्या पुल-अपमधून सतत शंभरहून जास्त मायक्रोअँपिअर वाहतात. १ई या रजिस्टरमध्ये ९० लिहिलं की तो पुल-अप सुटतो. त्याहून सोपं म्हणजे पिन मोकळी ठेवून १९ हा पत्ता वापरावा.

तापमान: मिनिटाला एकदा एकच मोजणी करायला सांगा, आठ नमुन्यांच्या सरासरीसह. ती १२५ मिलीसेकंदांत होते आणि सेन्सर आपोआप झोपतो.

कधी मोजायचं हे हालचालीला ठरवू द्या

सहा मायक्रोअँपिअरचा सेन्सर सहाशे साठवाल्यावर पहारा ठेवतो, हे या पट्ट्याचं मर्म आहे. चालताना, भांडी घासताना, लोकलमध्ये लोंबकळताना घेतलेली नाडी बहुतेक वेळा चुकीचीच येते. रक्ताच्या लाटेपेक्षा स्नायूंची हालचाल प्रकाश जास्त हलवते. तेव्हा मोजणं म्हणजे बॅटरी खर्चून कचरा जमवणं.

दर पाच मिनिटांनी शेवटच्या पाच सेकंदांतल्या प्रवेगाचं प्रमाण विचलन काढा. ३० मिली-जीच्या खाली असेल तरच नाडी-सेन्सर जागा करा. वर असेल तर दर दहा सेकंदांनी पुन्हा पाहा, मिनिटभर. तरीही शांतता नसेल तर त्या खान्यात ‘हालचाल’ एवढंच लिहा आणि पुढे जा.

सेन्सर जागा झाल्यावर पहिली दोन सेकंदं टाकून द्या. मग सरासरी प्रकाशपातळी पाहा. १०,००० च्या खाली असेल तर पट्टा अंगावर नाही. लगेच बंद करा आणि पुढची तपासणी पंधरा मिनिटांनी ठेवा. अंगावर असेल तर पातळी एक ते दीड लाखात हवी, कमाल २,६२,१४३ आहे. कमी-जास्त असेल तर ०डी मधला आकडा बदला. त्वचा जितकी सावळी तितका जास्त करंट लागतो. म्हणून हा आकडा कायमचा ठोकून न ठेवता प्रत्येक मोजणीच्या सुरुवातीला जुळवावा.

उरलेल्या अठरा सेकंदांवर ०.५ ते ४ हर्ट्झचा गाळणी-फिल्टर लावा, शिखरं शोधा, दोन शिखरांत ३०० मिलीसेकंदांहून कमी अंतर असेल तर दुसरं सोडून द्या. हे न केल्यास प्रत्येक लाटेमागचा छोटा उंचवटाही ठोका म्हणून मोजला जातो आणि नाडी बरोबर दुप्पट दिसते. अंतरांची सरासरी घेऊ नका, मध्यक घ्या. अंतरं मध्यकापासून वीस टक्क्यांहून जास्त भरकटत असतील तर नोंद बाद. बाद झालेली नोंद चुकीच्या नोंदीपेक्षा केव्हाही बरी.

दोन ठोक्यांमधल्या बारीक फरकांवरून ताणतणाव काढायचा मोह होईल. ५० नमुन्यांत दोन नमुन्यांमधलं अंतर २० मिलीसेकंद असतं, आणि शोधायचा फरकही तेवढाच असतो. या डेटातून ते काढू नये.

ब्लूटूथ: साठवा, मग एकदम पाठवा

एका नोंदीला आठ बाइट पुरतात: वेळ २, नाडी १, दर्जा १, पावलं २, तापमान २. दिवसाच्या २८८ नोंदी, म्हणजे २,३०४ बाइट. फोनशी मोठ्या पॅकेटचा करार झाला तर एका पॅकेटात २४४ बाइट जातात, आणि अख्खा दिवस दहा पॅकेटांत, काही सेकंदांत फोनवर पोचतो. प्रत्येक ठोका थेट फोनवर दाखवण्याची हौस असेल तर महिन्याचं उद्दिष्ट सोडावं लागेल.

हाकेचं अंतर १०२२.५ मिलीसेकंद ठेवा. अॅपलने सुचवलेल्या अंतरांपैकी हे एक आहे, आयफोनला पट्टा लवकर सापडतो. नोंदी फक्त रॅममध्ये ठेवू नका, तासाला एकदा फ्लॅशमध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या साठवणीत) उतरवा. आणि जोडणी पासकीसह, कूटबद्ध करा. शेजारच्या खोलीतल्या फोनला तुमची नाडी दिसायचं कारण नाही.

करंट जास्त येतोय? या क्रमाने शोधा

शाओसाठी आर्डुइनोत दोन संच मिळतात. नावात ‘एम्बेड’ नसलेला घ्या, कमी करंट आणि ब्लूटूथसाठी तोच योग्य.

मोजताना यूएसबी काढलेली हवी. डीबगर वापरून प्रोग्रॅम भरला असेल तर पुरवठा पूर्ण तोडून पुन्हा जोडा, कारण डीबग अवस्थेत अडकलेली चिप झोपतच नाही. इथे बऱ्याच जणांचे तासन् तास जातात.

काही शे मायक्रोअँपिअर कायम दिसत असतील तर सीरियल पोर्ट उघडा राहिला आहे का ते बघा. दहा-वीस जादा दिसत असतील तर बोर्डवरची २ एमबीची फ्लॅश चिप जागी आहे. तिला बी९ ही आज्ञा देऊन गाढ झोपवा, आणि तासाला लिहिताना तेवढ्यापुरतं उठवा. चिपचा डीसी-डीसी कन्व्हर्टर चालू केला की रेडिओ आणि प्रोसेसरचा करंट बराच खाली येतो. वेगळा बोर्ड वापरत असाल तर त्यावर इंडक्टर बसवलेला आहे याची खात्री करूनच चालू करा, नाहीतर चिप जागच्या जागी थांबते.

काही जण सेन्सरचा पुरवठा पिनेने तोडून बचत करू पाहतात. पुल-अप ३.३ व्होल्टला तसेच असतील तर करंट डेटा ओळींतून उलटा सेन्सरमध्ये शिरतो आणि तो अर्धवट जागा राहतो. इथे तिन्ही सेन्सर स्वतःहून झोपतात, पुरवठा तोडायची गरज नाही.

बॅटरीचा व्होल्टेज चिपच्या पी०.३१ या पिनेवर वाचला जातो, त्यासाठी पी०.१४ ही पिन खाली ओढावी लागते. वाचून झाल्यावर ती वर नेऊन २.६ मायक्रोअँपिअर वाचवता येतात. ते करू नका. चार्जिंग चालू असताना ती वर गेली तर पी०.३१ वर मर्यादेइतका व्होल्टेज येऊन पिन जळू शकते.

आणखी एक गंमतशीर पण त्रासदायक प्रकार. पट्टा टेबलावर उघडा पडलेला असताना नाडी साठ-सत्तर दाखवतो! जुन्या ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. सेन्सरचं घड्याळ ५० ऐवजी ५०.५ वर चालत असेल तर त्या लुकलुकीतून एक हर्ट्झची खोटी लाट तयार होऊ शकते, म्हणजे मिनिटाला साठ ‘ठोके’. सेन्सर आजूबाजूचा प्रकाश वजा करतो, पण पूर्ण नाही. उपाय काळा फोम आणि वर सांगितलेली पातळीची तपासणी.

अंगावर बसवणं

मनगटापेक्षा दंडाची आतली बाजू घ्या. तिथे स्नायुबंध कमी हलतात, बाहेरचा उजेड कमी येतो आणि पट्टा हलत नाही. फोमला सेन्सरच्या आकाराचं भोक पाडा, सेन्सरची काच फोमच्या पातळीपेक्षा अर्धा मिलिमीटर वर राहू द्या. इलॅस्टिकखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. घट्ट आवळल्यास रक्तच दाबलं जातं आणि लाट नाहीशी होते.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या दमट हवेत व घामात उघडे सांधे महिन्या-दोन महिन्यांत हिरवे पडतात. बोर्डांवर कॉन्फॉर्मल कोटिंगचे (ओल आत न येऊ देणाऱ्या पातळ लेपाचे) दोन हात द्या, पण नाडी-सेन्सरच्या काचेवर थेंबही नको. यूएसबी तोंडाला आधी टेप. अंघोळीला पट्टा काढा आणि त्वचा कोरडी करूनच पुन्हा बांधा, नाहीतर पुरळ उठते.

चार्जिंग नेहमी अंगावरून काढून. बोर्डाचा मूळचा ५० मिलीअँपिअरचा दर या सेलला योग्य आहे, तो वाढवू नका. सेल फुगलेला दिसला तर दाबून, टोचून बघू नका. बदला आणि ई-कचऱ्यात द्या. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत पट्टा विसरू नये.

आकड्यांचं काय करायचं

पहिला आठवडा पडताळणीचा. शांत बसून मनगटाची नाडी तीस सेकंद मोजा, दुप्पट करा, पट्ट्याच्या त्याच वेळच्या नोंदीशी ताडून पाहा. तीन-चार ठोक्यांच्या आत जुळत असेल तर ठीक. नसेल तर आधी पट्टा वर-खाली सरकवून बघा, प्रोग्रॅमला नंतर हात घाला.

मग रात्री दोन ते पाच या वेळेतल्या मान्य नोंदींचा मध्यक काढा आणि रोजचा एकच आकडा लिहा. दोन-तीन आठवड्यांत तुमची स्वतःची पातळी ठरते. तिच्यापेक्षा सात-आठ ठोके वर सलग काही रात्री दिसले तर ताप येऊ घातलाय का, झोप कमी पडतेय का, औषध बदललंय का, हे बघायला कारण मिळतं. तापमानही असंच वाचावं. दंडावरच्या त्वचेचं तापमान पंख्याने, पांघरुणाने बदलतं. ते तापाचं थर्मामीटर नव्हे. कालच्या रात्रीशी आजची रात्र ताडायला ते उपयोगी.

छातीत दुखणं, धाप, चक्कर, अनियमित धडधड यांपैकी काही असेल तर पट्ट्यात काय दिसतंय ते न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि हा पट्टा बांधून निदानासाठी म्हणून विकायचा विचार असेल, तर भारतात त्याला २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात आणि परवाना लागतो. स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी बांधताना प्रत्येकाचा पट्टा वेगळा ठेवा, नोंदी एकमेकांत मिसळल्या तर कुणाचीच पातळी ठरत नाही.